बाबांच्या ताटातली भाकरी

पत्राचा सारांश: पुण्यात राहणाऱ्या ४१ वर्षांच्या एका ताईंचं पत्र आलं आहे. त्यांचे वडील मूळचे सोलापूर जिल्ह्यातले. निवृत्तीनंतर आईवडील दोघंही त्यांच्याकडेच राहतात. गेल्या वर्षी, वयाच्या ६२व्या वर्षी, वडिलांना मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, शौचासाठी पोटावर पिशवी लावावी लागली नाही, केमोही पूर्ण झाली. आता रिपोर्ट चांगले आहेत, पण वजन ९ किलोंनी उतरलं आहे. ३८ वर्षांच्या धाकट्या भावाने काही व्हिडिओ पाहून ठरवलं आहे की कार्ब्ज म्हणजे साखर आणि साखर म्हणजे कॅन्सरचं खाद्य. दोन महिन्यांपासून बाबांची भाकरी, भात, डाळ, फळं बंद आहेत. ताटात पनीर, अंडी, बदाम. बाबा जेवताना एक शब्द बोलत नाहीत. आई म्हणते, "चाळीस वर्षं मीच रांधून घातलं, माझ्याच हातनं हे झालं." ताईंनी विचारलं आहे: भाऊ म्हणतो ते खरं आहे का? बाबांना काय द्यावं? आयुष्यभर भाकरी खाणाऱ्या माणसाला हे झालंच कसं? १४ वर्षांच्या मुलाच्या खाण्याचं काय करावं? आणि शेवटी एक ओळ: "मलाही मूळव्याध आहे, अधूनमधून रक्त पडतं, पण ते बाळंतपणापासूनच आहे, त्यामुळे त्याचं काही नाही."

ताई,

तुमच्या पत्रात चार प्रश्न आहेत, आणि पाचवी गोष्ट तुम्ही प्रश्न म्हणून लिहिलेलीच नाही. मी तिथूनच सुरुवात करते.

रक्त मूळव्याधीचं असेलही. बहुतेक वेळा तसंच निघतं. पण ते मूळव्याधीचं आहे हे ठरवलं कोणी? तुम्हीच ना? चौदा वर्षांपूर्वी बाळंतपणानंतर झालेला त्रास आणि आज दिसणारं रक्त एकच आहे, हे तपासल्याशिवाय कोणालाच सांगता येत नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने २०१३-१४च्या सुमारास आलेल्या मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या ८०० रुग्णांचा आढावा घेतला, तेव्हा त्यांचं सरासरी वय ४७ निघालं. निम्म्याहून अधिक जणांची तक्रार एकच होती, शौचावाटे रक्त जाणं. आपल्याकडे हा आजार म्हातारपणाचीच वाट पाहतो असं नाही, आणि 'मूळव्याधच असेल' या एका वाक्यात कित्येकांचे महिने वाया जातात. बायकांचे तर जास्तच, कारण ही गोष्ट घरात कोणाला सांगायचीही लाज वाटते.

रक्त नसतं, तरीही मी तुम्हाला हेच सांगितलं असतं. आईवडील किंवा सख्खं भावंड यांपैकी कोणाला हा कॅन्सर झाला असेल, तर वयाच्या ४०व्या वर्षापासून, किंवा त्या नातेवाइकाला ज्या वयात निदान झालं त्याच्या दहा वर्षं आधीपासून, यांतलं जे आधी येईल तेव्हापासून तपासणी सुरू करावी असा वैद्यकीय संकेत आहे. तुम्ही ४१च्या आहात. म्हणजे एक वर्ष होऊन गेलं. आपल्या देशात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांच्या कॅन्सरसाठी सरकारी तपासणी कार्यक्रम आहे, आतड्यासाठी नाही. त्यामुळे तुम्हाला कोणी घरी येऊन आठवण करून देणार नाही. पोटविकारतज्ज्ञांकडे जा आणि दोन वाक्यं सांगा: वडिलांना मोठ्या आतड्याचा कॅन्सर होता, आणि मला रक्त जातं. ते बहुधा कोलोनोस्कोपी सांगतील. संकोच वाटत असेल तर महिला डॉक्टर आहेत का हे फोनवर आधीच विचारा, त्यात काही गैर नाही. खर्चाची अडचण असेल तर सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चौकशी करा.

कोलोनोस्कोपी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे 'कॅन्सर सापडणं' येतं. खरं तर या तपासणीत बरेचदा सापडतो तो कोंबासारखा एक छोटा उंचवटा, पॉलिप. त्यातल्या काहींचा पुढे कॅन्सर होतो, पण त्याला साधारण दहा वर्षं लागतात, आणि तो त्याच दुर्बिणीतून त्याच वेळी काढून टाकता येतो. आहाराबद्दल मी पुढे जे काही लिहिणार आहे, त्यातली एकही गोष्ट या तपासणीइतकी भक्कम नाही. माझं सगळं काम आहाराचं आहे, आणि तरी मी हे लिहिते आहे.

आता बाबांच्या ताटाकडे येऊ.

भावाचं म्हणणं कुठून आलं असेल याचा मला अंदाज आहे. पेट स्कॅनच्या आधी रुग्णाच्या शिरेत ग्लुकोजसारखं एक किरणोत्सारी द्रव्य सोडतात, आणि गाठ ते जास्त शोषते म्हणून पडद्यावर ती जागा उजळते. कॅन्सरच्या पेशी ग्लुकोज भराभर ओढतात हे खरंच आहे. ओटो वॉरबर्ग या जर्मन शास्त्रज्ञाने ते १९२०च्या दशकातच दाखवलं होतं. पण त्यावरून 'साखर तोडली की गाठ उपाशी मरेल' असं निघत नाही. ग्लुकोज मेंदूलाही लागतं, तांबड्या रक्तपेशींना तर त्यावाचून चालतच नाही. माणसाने भाकरी-भात सोडला तर यकृत शरीरातल्याच दुसऱ्या गोष्टींपासून ग्लुकोज तयार करतं, त्यात स्नायूंची प्रथिनंही आली. रक्तातली साखर शून्यावर येत नाही, आली तर माणूस जगणार नाही. ९ किलो आधीच गमावलेल्या माणसाची भाकरी काढली, तर गाठीच्या आधी त्याच्या दंडाचं मांस उतरेल.

भाऊ वाईट नाही, ताई. ऑपरेशननंतर हातात करण्यासारखं काहीच उरलं नाही की माणसं ताटावर ताबा मिळवतात. मी हे कितीतरी घरांत पाहिलं आहे. पनीर आणि अंडी सुरू केली हे त्याने चांगलंच केलं, बाबांना प्रथिनांची गरज आहे. फक्त ती भाकरीच्या जागी नकोत, भाकरीच्या शेजारी हवीत.

गडबड 'कार्ब्ज' या एका शब्दात आहे. त्यात बाटलीतलं गोड थंड पेय येतं, खारी येते, मटकीची उसळ येते आणि पेरूही येतो. एका आडनावाची सगळी माणसं एका स्वभावाची नसतात. ज्वारीचे चार दाणे रात्रभर भिजत घाला आणि सकाळी एक नखाने सोलून बघा. वरची साल वेगळी होते, टोकाशी बारीक कोंब असतो आणि मध्ये पांढरा गर. गर म्हणजे पिष्ट. त्याचं लहान आतड्यात ग्लुकोज होतं आणि ते रक्तात जातं. सालीचं तसं होत नाही. ती मोठ्या आतड्यापर्यंत पोचते. भाकरीच्या पिठात साल, कोंब, गर सगळं दळलेलं असतं. मैद्यात उरतो तो फक्त गर.

लहानपणी आजोळी पाहुणे येणार असले की आजी पीठ दोनदा चाळायची. चाळणीत राहिलेला कोंडा गाईच्या आंबोणात जायचा. 'भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा' ही म्हण आपल्याकडे गरिबीची आहे. घरात चार पैसे आले की माणूस आधी कोंडा बाजूला करतो, मग ज्वारीच्या जागी गहू येतो, गव्हाच्या जागी पाव. माझ्या आजीने प्रेमानेच चाळलं ते पीठ. पण चांगलंचुंगलं म्हणून आपण नेमकं काय टाकून देत आलो, याची गोष्ट त्या चाळणीत आहे.

हा चोथा, म्हणजे फायबर, खाली मोठ्या आतड्यात काय करतो? तिथे अब्जावधी जिवाणू राहतात. ते चोथा आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेट नावाचं एक आम्ल तयार होतं. मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशींचं मुख्य इंधन तेच. शिवाय चोथ्यामुळे मळ मऊ होतो, लवकर पुढे सरकतो, आणि त्यातल्या त्रासदायक द्रव्यांचा अस्तराशी कमी वेळ संबंध येतो.

या बाबतीतला एक प्रयोग मला फार बोलका वाटतो. २०१५ साली तो प्रसिद्ध झाला. अमेरिकेतले २० कृष्णवर्णीय, ज्यांच्यात हा कॅन्सर खूप आढळतो, आणि दक्षिण आफ्रिकेच्या खेड्यांतले २० जण, ज्यांच्यात तो फारच कमी, अशा दोन गटांनी दोन आठवडे एकमेकांचं जेवण जेवलं. अमेरिकन गटाचा रोजचा चोथा १४ ग्रॅमवरून ५५वर गेला, आफ्रिकन गटाचा ६६वरून १२वर आला. चरबीचं प्रमाण नेमकं उलट झालं. दोन आठवड्यांत अमेरिकन गटाच्या आतड्यात ब्युटिरेट सुमारे अडीचपट झालं, आफ्रिकन गटात ते निम्म्यावर आलं. अस्तराची सूज आणि पेशी वाढण्याचा वेग याही खुणा त्याच दिशेने बदलल्या. दोन आठवड्यांत कोणाला कॅन्सर झाला नाही आणि कोणाचा टळलाही नाही. मांस आणि चरबीही बदलली होती, त्यामुळे सगळं श्रेय एकट्या चोथ्याचं नाही. पण आतड्याचं अस्तर ताटातला बदल किती लवकर ओळखतं, ते यात दिसतं.

तुम्ही शिकलेल्या आहात, नेटवर शोधाल, तेव्हा उलटसुलट वाचून गोंधळाल. म्हणून आधीच सांगून ठेवते, या विषयात शास्त्रज्ञही वळसे घेत इथवर आले आहेत. युगांडात अनेक वर्षं काम केलेले आयरिश सर्जन डेनिस बर्किट यांनी १९७१मध्ये मांडलं की आफ्रिकेच्या खेड्यांत हा कॅन्सर दिसत नाही याचं कारण तिथला भरपूर चोथ्याचा आहार असावा. मग १९९९मध्ये अमेरिकेतल्या ८८ हजारांहून अधिक परिचारिकांच्या अभ्यासात चोथ्याचा काहीच फायदा दिसला नाही. पुढच्याच वर्षी अमेरिकेतले दोन प्रयोग आले. एकात गव्हाचा कोंडा दिला होता, दुसऱ्यात कमी चरबीचा, भाज्याफळांचा आहार. तीन-चार वर्षांत पॉलिप पुन्हा होण्याचं प्रमाण कशानेही कमी झालं नाही. नंतर २००३मध्ये युरोपातल्या दहा देशांच्या पाच लाखांवर लोकांच्या अभ्यासात सर्वांत जास्त चोथा खाणाऱ्यांमध्ये धोका सुमारे २५ टक्क्यांनी कमी दिसला. २०११पर्यंतचे २५ अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा रोज १० ग्रॅम जास्त चोथ्यामागे धोका साधारण १० टक्क्यांनी कमी, असा हिशेब निघाला. जागतिक आरोग्य संघटनेसाठी केलेलं आणि २०१९मध्ये आलेलं मोठं विश्लेषण १८५ अभ्यासांचं होतं, तेही याच बाजूचं. त्यात आणखी एक गोष्ट कळली, जी मला रोजच्या कामात उपयोगी पडते: 'ग्लायसेमिक इंडेक्स'च्या, म्हणजे पदार्थ रक्तातली साखर किती झटकन वाढवतो ते सांगणाऱ्या, आकड्यापेक्षा चोथा आणि अख्खं धान्य हे निकष जास्त भरवशाचे ठरले. २०२३मध्ये संघटनेने मोठ्या माणसांसाठी रोज किमान २५ ग्रॅम चोथा आणि ४०० ग्रॅम भाज्याफळं असा सल्ला दिला.

ते प्रयोग का फसले असावेत? माझं मत असं की, एका डब्यातला कोंडा तीन वर्षं खाणं आणि जन्मभर अख्खं धान्य, कडधान्य, पालेभाजी जेवणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडे इसबगोल घराघरांत आहे, म्हणून मुद्दाम सांगते. युरोपात पॉलिप काढलेल्या रुग्णांना रोज साडेतीन ग्रॅम इसबगोल देऊन पाहिलं होतं. पॉलिप कमी तर झाले नाहीतच, उलट ते पुन्हा होण्याचं प्रमाण थोडं जास्त दिसलं. बद्धकोष्ठासाठी डॉक्टरांनी सांगितलं असेल तर इसबगोल जरूर घ्या. कॅन्सर टाळायचा म्हणून चमचाभर घेऊन वर खारी-पाव खाणार असाल, तर मात्र त्या चमच्याच्या भरवशावर राहू नका.

आता तुमचा सर्वांत दुखरा प्रश्न. बाबांनी तर जन्मभर भाकरीच खाल्ली, मग?

समजा, एका गावात हजार माणसांपैकी वीस जणांना आयुष्यात कधीतरी हा आजार व्हायचा आहे. (हा आकडा फक्त समजण्यासाठी घेतला आहे.) सगळ्या गावाने रोज १० ग्रॅम चोथा वाढवला तर वीसाचे अठरा होतील. दोन माणसं वाचली, ही लहान गोष्ट नाही. पण उरलेल्या अठरांच्या घरीही भाकरीच शिजत होती. तुमचे बाबा त्या अठरांतले. वय वाढतं तशी पेशींच्या विभाजनात चूक होण्याची शक्यता वाढते, काहींना ती जन्मतःच जनुकांतून मिळते. (घराण्यात आणखी कोणाला तरुणपणी आतड्याचा किंवा गर्भाशयाचा कॅन्सर झाला असेल तर ते डॉक्टरांना सांगा, त्याची वेगळी जनुकीय तपासणी असते.) तुमच्या सोलापूर जिल्ह्यातच, बार्शीला, १९८७पासून ग्रामीण भागातल्या कॅन्सर रुग्णांची नोंद ठेवली जाते. देशातली ती पहिली ग्रामीण नोंदणी. तिथे मोठ्या आतड्याचा कॅन्सर फार कमी आढळतो. मुंबईत त्याहून जास्त, आणि इंग्लंड-अमेरिकेत स्थायिक झालेल्या भारतीयांमध्ये भारतातल्यांपेक्षा कितीतरी जास्त. हा सगळा फरक एकट्या भाकरीने पडत नाही. शेतातले कष्ट, वजन, मांस, दारू, सगळंच बदलतं. पण भाकरीने कॅन्सर होत असता तर बार्शीचे आकडे असे नसते.

हा परिच्छेद आईंना वाचून दाखवा. आई, तुम्ही चाळीस वर्षं चुलीपुढे आणि गॅसपुढे बसून जे थापलंत, त्याने यांना आजार झाला नाही. तुमच्या हातच्या भाकरीने त्यांना इतकी वर्षं धरून ठेवलं. ऑपरेशन आणि केमो सोसण्याची ताकद त्यांच्या अंगात आली ती याच जेवणातून. ज्या गोष्टीसाठी तुम्ही स्वतःला कोसता आहात, ती मी माझ्याकडे येणाऱ्या लोकांना मुद्दाम करायला सांगते.

भाऊ कदाचित एक अमेरिकन अभ्यास पुढे करेल. २०१२चा आहे, तिसऱ्या टप्प्याच्या १,०११ रुग्णांचा. ज्यांच्या आहारात झटकन साखर वाढवणारे पदार्थ फार होते, त्यांच्यात आजार परतण्याचं प्रमाण जास्त दिसलं. अभ्यास खरा आहे, दडवू नका. पण तो परिणाम ठळक होता तो वजन जास्त असलेल्यांमध्ये. २०१८मध्ये १,५७५ रुग्णांचा दुसरा अभ्यास आला. निदानानंतर जास्त चोथा खाणाऱ्यांमध्ये दर ५ ग्रॅममागे या आजाराने मृत्यू येण्याचं प्रमाण २२ टक्क्यांनी कमी होतं, आणि त्यातही धान्यातल्या चोथ्याचा वाटा सर्वांत मोठा. दोन्ही शेजारी ठेवून वाचले तर भांडणच उरत नाही: मैदा, साखर कमी करा, ज्वारी ठेवा.

बाबांना मात्र उद्याच दोन भाकऱ्या आणि वाटीभर उसळ वाढू नका. ऑपरेशन झालेल्या आतड्याला, आणि दोन महिने चोथ्यावाचून राहिलेल्या पोटाला, हळूहळू सवय लावावी लागते. आधी सर्जनना किंवा रुग्णालयातल्या आहारतज्ज्ञांना विचारा, बाबांच्या आतड्याचा किती भाग काढला ते त्यांना माहीत आहे. त्यांनी हरकत घेतली नाही तर पहिल्या आठवड्यात मऊ वरण-भात, ज्वारीच्या कण्या, ताकातली आंबील, पिकलेलं केळं. अंडी, पनीर चालू ठेवा. पुढच्या आठवड्यात अर्धी भाकरी आमटीत किंवा दुधात कुस्करून. मग पापुद्र्यासकट पूर्ण भाकरी, शिजवून मऊ केलेली पालेभाजी, आणि सर्वांत शेवटी मोडाची मटकी, तीही दोन चमच्यांपासून. पाणी वाढवा, चोथा वाढवून पाणी कमी ठेवलं तर उलटाच त्रास होतो. पोट फुगून दुखायला लागलं, उलट्या झाल्या, वारा सरत नसेल तर घरी ओवा देत बसू नका, लगेच रुग्णालय गाठा. ज्या वाचकांच्या घरी पिशवी लावलेले रुग्ण आहेत, त्यांनी हा क्रम जसाच्या तसा वापरू नये. लहान आतड्याची पिशवी असेल तर साली, बिया, मका, सुकं खोबरं यांनी अडथळा होऊ शकतो. त्यांच्यासाठी सर्जनचाच कागद खरा. मधुमेह असलेल्यांनीही प्रमाण स्वतःच्या डॉक्टरांशी बोलूनच ठरवावं.

बाकी घराचं गणित सोपं आहे. १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठात साधारण १० ग्रॅम चोथा, बाजरी, नाचणी आणि न चाळलेली कणीक यांत ११च्या आसपास. पांढरा तांदूळ आणि मैद्यात जेमतेम ३. मध्यम भाकरीला ६० ग्रॅम पीठ धरलं तर दोन भाकऱ्यांचे १२. मुठीएवढ्या सुक्या मटकीच्या उसळीतून आणखी ६. एक पेरू बियांसकट खाल्ला तर ८. झाले की २५च्या वर, आणि अजून मेथी, अंबाडी, तांदुळशाची जुडी मोजलीच नाही. परदेशी बिया, महागडे डबे कशालाच लागत नाहीत. गिरणीवाल्याला दळण थोडं जाडसर ठेवायला सांगा आणि घरी चाळणी खुंटीला अडकवून ठेवा. भात सोडायची गरज नाही. आमटी घट्ट करा, उसळ दुप्पट करा, भात तुमच्या मुलाच्या हाताच्या ओंजळीएवढा वाढा. उपवासाला साबुदाण्यात चोथा जवळजवळ नसतोच. रताळं, राजगिरा, भगर, दाण्याची आमटी यांच्याकडे वळा.

मुलाच्या बाबतीत एकाच ठिकाणी जोर लावा, गोड थंड पेयांवर. सुमारे ९५ हजार अमेरिकन परिचारिकांच्या अभ्यासात रोज दोन किंवा जास्त गोड पेयं पिणाऱ्यांमध्ये पन्नाशीच्या आत होणाऱ्या मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका दुपटीहून जास्त दिसला. रुग्ण एकूण १०९च होते, म्हणून घाबरून जाऊ नका, पण ती बाटली घरात आणायचं काही कारणही नाही. बाकी चौदा वर्षांच्या मुलाला 'हे खाल्लंस तर आजोबांसारखं होईल' असं चुकूनही म्हणू नका. भीतीने खाल्लेली भाकरी कोणालाच लागत नाही. ब्राऊन ब्रेड, मल्टिग्रेन, डायजेस्टिव ही नावं बघून मात्र फसू नका. माझ्याकडे एक गृहस्थ दोन वर्षं नेमाने खाल्लेल्या ब्राऊन ब्रेडचा कागद घेऊन आले होते. घटकांच्या यादीत पहिला शब्द होता मैदा, आणि तपकिरी रंग कॅरॅमलचा. यादीतला पहिला घटक वजनाने सर्वांत जास्त असतो, एवढं मुलाला शिकवा. दुकानात तोच तुम्हाला वाचून दाखवेल.

घरात कोणी सॉसेज, सलामी खात असेल, रोज दारू घेत असेल, दिवसभर बसून असेल, पोट सुटलं असेल, तर एकट्या भाकरीवर भिस्त ठेवता येणार नाही. रोज ५० ग्रॅम प्रक्रिया केलेल्या मांसामागे धोका १८ टक्क्यांनी वाढतो, हे २०१५पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेचं म्हणणं आहे. तुमच्या पत्रात यातलं काही नाही, पण हे वाचणाऱ्या अनेकांच्या घरी असेल.

भावाशी बोलताना 'तू चुकलास' पासून सुरुवात करू नका. त्याला बाबांसाठी काहीतरी करायचं आहे, तर नेमकं काम द्या. दर रविवारी सकाळी बाबांचं वजन करून वहीत लिहायचं. पुढच्या तपासणीला आहारतज्ज्ञांची वेळही त्यानेच घ्यायची आणि सोबत जाऊन हाच प्रश्न त्यांना विचारायचा. बहिणीने सांगितलेलं पटत नाही ते समोर बसलेल्या तज्ज्ञाने सांगितलं की पटतं. आणि त्यालाही सांगा, दोन वर्षांनी चाळीस पूर्ण होतील तेव्हा त्याचीही तपासणी आहे. त्याआधी रक्त दिसलं, शौचाची सवय आठवडेच्या आठवडे बदललेली राहिली, कारण नसताना हिमोग्लोबिन उतरलं, तर चाळिशीची वाट बघायची नाही.

तुमची वेळ ठरली की रुग्णालयातून तयारीचा कागद मिळेल. त्यात बहुधा लिहिलेलं असेल की दोन-तीन दिवस आधीपासून भाकरी, उसळ, पालेभाजी, बियांची फळं बंद, पांढरा मऊ भात आणि ताक चालेल, आदल्या दिवशी फक्त पातळ पदार्थ, आणि मग आतडं साफ करण्याचं औषध. चोथा आतड्यात राहिला तर दुर्बिणीतून नीट दिसत नाही, म्हणून तेवढ्यापुरतं हे सगळं उलटं करायचं असतं. कागदावर असेल तसंच करा. आणि आईंना आधी सांगून ठेवा, म्हणजे त्या दिवसांतला मऊ भातही त्यांच्याच हातचा असेल.